बारमाही, आठमाही आणि फोनमधला रस्ता

कोतूळ हे गाव आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, मुळा नदीच्या काठी. (अकोले बरं का मंडळी, विदर्भातलं अकोला नव्हे. नावातल्या एका मात्रेने माणूस कितीशे किलोमीटर चुकू शकतो, हे आपल्याकडच्या पोस्टमनला फार पूर्वीपासून ठाऊक आहे!) शनिवारची रात्र सरून १० जानेवारी २०२१ चा रविवार लागला होता, तेव्हा या कोतूळजवळ एक अपघात झाला. पुण्याची तीन माणसं मोटारीने कळसूबाईला निघाली होती. रस्ता अनोळखी, म्हणून फोनमधल्या नकाशाच्या सांगण्याप्रमाणे चालली होती. कोतूळहून अकोल्याकडे जाणारा नदीवरचा पूल नकाशात दिसत होता. प्रत्यक्षात तो पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे कसेबसे काठाला लागले. गाडी चालवणारा बुडाला.

बातमी देशभर गेली. 'गूगल मॅपने जीव घेतला' अशा धर्तीचे मथळे आले. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे सगळे दुसऱ्या विषयाकडे वळले. माझ्या डोक्यातून मात्र ती बातमी गेली नाही. त्याचं कारण त्या बातमीतच दोन ओळींत आलं होतं. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे आसपासच्या गावांना माहीत होतं. ते लोक त्या दिवसांत दुसऱ्या रस्त्याने जात. आणि परक्या माणसाला हे कळावं असा फलक तिथे नव्हता.

म्हणजे पाहा, पूल खोटा नव्हता. नकाशात जिथे दाखवला होता तिथेच होता. रस्ताही होता. मग चुकलं काय? चुकला तो 'कधी'. रस्ता कुठे आहे ते नकाशाला माहीत होतं, तो कधी आहे ते माहीत नव्हतं. आणि आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचा इतिहास पाहिला तर 'कुठे' पेक्षा 'कधी' हाच प्रश्न नेहमी मोठा होता, असं मला वाटतं. आजचा हा लेखनप्रपंच त्यासाठी.

माझ्या पिढीतल्या मंडळींना 'बारमाही रस्ता' आणि 'आठमाही रस्ता' हे शब्द समजावून सांगायला नकोत. शहरातल्या नातवंडांसाठी सांगतो. बारमाही म्हणजे वर्षाचे बाराही महिने चालणारा. आठमाही म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मृगाच्या पावसापर्यंत चालणारा. पावसाचे चार महिने त्याने जायचं नाव काढायचं नाही. आपल्या गोदाकाठची, प्रवराकाठची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसाळ्यात लोण्यासारखी. बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतलं की चार जोड्या लावूनही निघायचं नाही. मुलीच्या सासरचा रस्ता आठमाही असेल तर तिचं माहेरपण कधी करायचं, बाळंतपणाला कधी आणायचं, हे सगळं त्या हिशोबाने ठरायचं. सोयरीक जमवताना जमीन किती, विहिरीला पाणी किती, याच्या जोडीने रस्ता कसला, हेही विचारलं जायचं.

ही माहिती कुठे लिहिलेली नव्हती, ती माणसांपाशी होती. मजल दरमजल करत जाणारा वाटसरू दर गावाच्या वेशीवर विचारत जायचा. 'नदीला पाणी किती आहे हो?' 'गुडघाभर आहे, पण वर पाऊस झालाय, दुपारच्या आत उतरा.' या उत्तरात दिशा आहे, खोली आहे आणि वेळसुद्धा आहे. इतकी ताजी माहिती देणारं यंत्र अजून निघायचं आहे! अर्थात जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. 'हे काय, हाकेच्या अंतरावर' असं ऐकून दोन कोस पायपीट केलेले लोक मी पाहिले आहेत. शिवाय वाटेत माणूस भेटलाच नाही तर सगळंच संपलं.

इंग्रज आले तेव्हा त्यांना असल्या तोंडी माहितीवर राज्य चालवायचं नव्हतं. त्यांनी देश मोजायला घेतला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा आखून ती प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षं उत्तरेकडे सरकत सरकत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. शिखराला ज्याचं नाव दिलं तोच हा एव्हरेस्ट. या मोजणीच्या पायावर जे नकाशे पुढे तयार होत गेले, त्यांना आपण स्थलनिर्देशक नकाशे म्हणतो. कॉलेजात भूगोल घेतलेल्यांना 'टोपोशीट' हा शब्द आठवत असेल.

शाळेत नकाशावाचन शिकवताना आम्ही मुलांकडून घोकून घ्यायचो: शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची. 'रूढ चिन्हे आणि खुणा' यावर हमखास प्रश्न यायचा. पक्का रस्ता तांबड्या सलग दुहेरी रेघांनी, कच्चा रस्ता तुटक रेघांनी, गाडीवाट एका रेघेने, पायवाट ठिपक्यांनी. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट नद्यांची. ज्या नदीला पाणी असतं ती निळी, जिचं पात्र कोरडं असतं ती काळी. आपल्याकडचे कितीतरी ओढे त्या नकाशांवर काळ्या रेघांचे आहेत! म्हणजे मोजणी करणाऱ्या माणसाला पाण्याचंही बारमाही-आठमाही कळत होतं, आणि ते त्याने रंगाने सांगून ठेवलं होतं. आणखी एक गोष्ट. त्या नकाशाच्या समासात मोजणी कोणत्या साली झाली ते छापलेलं असतं. नकाशा चाळीस वर्षांचा म्हातारा असला तरी तो आपलं वय लपवत नाही. वाचणारा ते पाहतो आणि मनात म्हणतो, एवढ्या काळात बरंच बदललं असेल, विचारून घेतलेलं बरं.

आणि बदल तर आपल्या जिल्ह्यात असा झाला आहे की बोलायची सोय नाही. १८७८ साली धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली (धोंड म्हणजे आजचं दौंड) आणि गाड्या-बैलांची जुनी वाहतूक स्टेशनांकडे वळली. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात जिल्ह्यातले रस्ते आणि घाट यांची माहिती नोंदलेली आहे. त्यानंतर आली धरणं. प्रवरेवर भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं. मुळेवर बारागाव नांदूरला मुळा धरण झालं. गोदावरीवर पैठणला जायकवाडी झालं. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. धरण पैठणला, पण त्याचं पाणी आपल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतल्या गावांत शिरलं. भीमेवरच्या उजनीचं १९८० सालचं पाणी तसंच कर्जत तालुक्याच्या कडेला आलं.

धरणाने गाव बुडालं की आपण देवळाची, घरांची, शेतांची आठवण काढतो. गावाबरोबर रस्तेही बुडतात, हे सहसा कोणी बोलत नाही. दोन गावांमधली दीड कोसाची वाट जाते आणि फेऱ्याचा वीस किलोमीटरचा रस्ता येतो. बुडालेली वाट उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा वर येते, थेट डांबरासकट! काही दिवस लोक तिच्यावरून जातातही. मग पाऊस येतो आणि ती परत खाली जाते. पूर्वी पावसाने रस्ता बंद व्हायचा, तेव्हा आभाळाकडे पाहून कळायचं. धरणाचं पाणी आभाळाकडे पाहून कळत नाही. जानेवारीच्या निरभ्र रात्री, पाऊस संपून तीन महिने झाल्यावर पुढचा पूल पाण्याखाली असेल, हे कोणत्या परक्या माणसाला सुचेल? कोतूळला हेच झालं.

रस्त्यांची दुसरी गोष्ट कागदाची. आज आपण राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी जी उतरंड मानतो, तिचं मूळ १९४३ साली नागपूरला झालेल्या अभियंत्यांच्या परिषदेत आहे. तिथल्या आराखड्याला 'नागपूर योजना' म्हणतात. तेव्हापासून कोणता रस्ता कोणाच्या ताब्यात आणि दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, हे वर्गवारीवर ठरू लागलं. वाटसरूला या वर्गवारीशी काही घेणंदेणं नसतं. पण रस्त्यात फलक कोणी लावायचा, हा प्रश्न आला की ती एकदम महत्त्वाची होते. 'तो आमच्याकडे येत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या टेबलासमोर उभं राहून ऐकलेलं आहे.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा विशीत होतो. जिल्ह्यात जिकडेतिकडे दुष्काळी कामं निघाली होती. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. घरची चांगली दहा-वीस एकरवाली माणसं खडी फोडायला बसली होती. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि पोरांना सुकडी, यावर दिवस निघाले. त्या कामांनी माणसं जगवली, हे कोणी विसरू नये. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळं याच काळात आहेत. पण त्या रस्त्यांपैकी कितीतरी अर्धवट राहिले. मातीकाम झालं, खडीकरण झालं नाही. खडी पडली, तर मोऱ्या बांधल्या गेल्या नाहीत. पाऊस बरा झाला, माणसं आपापल्या शेतावर परतली आणि रस्त्यावर बाभळी उगवल्या. जमिनीवर त्यांची एक सरळ खूण तेवढी राहिली. आकाशातून फोटो काढला तर ती खूण रस्त्यासारखीच दिसणार!

त्यात नावं आणि नंबर बदलण्याची आपल्याला भारी हौस. पुणे-नाशिक रस्ता आम्हाला ५० नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून पाठ होता. २०१० साली देशभरच्या महामार्गांचे नंबर नव्याने ठरले आणि तो ६० नंबरचा झाला. माळशेज घाट उतरून कल्याणला जाणारा २२२ नंबरचा ६१ झाला. लोक त्याला अजून 'कल्याण-विशाखापट्टणम' म्हणतात. जुन्या मैलाच्या दगडावर एक नंबर, नव्या हिरव्या फलकावर दुसरा आणि फोनमध्ये कधी हा कधी तो, अशी काही वर्षं गेली. जिल्ह्याचं नावही बदललं. ३१ मे २०२३ रोजी चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीच्या कार्यक्रमात घोषणा झाली आणि २०२४ साली 'अहिल्यानगर' हे नाव अधिकृत झालं. एसटीच्या रांगेतला माणूस आधीही 'नगर' म्हणायचा आणि आताही 'नगर'च म्हणतो, म्हणून आपलं अडत नाही. बाहेरच्या माणसाचं अडतं. त्याला अहमदनगर आणि अहिल्यानगर ही दोन वेगळी गावं वाटली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. एक पिंपळगाव घ्या. पिंपळगाव खांड, पिंपळगाव माळवी, पलीकडे जुन्नर तालुक्यात पिंपळगाव जोगे, नाशिककडे पिंपळगाव बसवंत. आपल्या पूर्वजांनी खुर्द, बुद्रुक, नदीचं नाव, घराण्याचं नाव अशी शेपटं जोडून घोळ टाळला होता. फोनमध्ये नुसतं 'पिंपळगाव' टाकणाऱ्याला ते शेपूट महत्त्वाचं वाटत नाही. शनीच्या दर्शनाला निघालेला माणूस नुसतं 'शिंगणापूर' टाकून सातारा जिल्ह्यातल्या शंभू महादेवाच्या दारी पोहोचू शकतो. देव दोन्हीकडे आहे, हे खरं, पण पेट्रोल एकदाच भरलेलं असतं!

आता या फोनमधल्या नकाशाचाही इतिहास पाहू. तोही एव्हाना जुना झाला आहे. गूगल मॅप्स २००५ साली सुरू झाले. भारतातल्या लहान गावांचे रस्ते त्यात आले ते मोठ्या प्रमाणावर सामान्य माणसांच्या हातून. २००८ साली 'मॅप मेकर' नावाची सोय भारतात आली. कोणीही संगणकासमोर बसावं, उपग्रहाच्या फोटोवर आपल्या गावचा रस्ता रेखाटावा, देऊळ, शाळा, दवाखाना यांची नावं घालावीत. हौशी पोरांनी हे काम अक्षरशः रात्री जागून केलं, एक पैसा न घेता. २०१७ साली ती सोय बंद झाली आणि दुरुस्त्या सुचवण्याचं काम मूळ नकाशातच घेतलं गेलं. तेव्हा रेखाटलेल्या रेघा मात्र राहिल्या. रेघ काढणारा कोणत्या महिन्यातल्या फोटोवरून ती काढत होता, त्या फोटोत नदीला पाणी होतं की नव्हतं, हे त्या रेघेवर कुठे लिहिलेलं नाही.

योगायोग पाहा. कोतूळचा अपघात झाला जानेवारी २०२१ मध्ये आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशांविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करण्यावर पूर्वी जी परवानग्यांची बंधनं होती, ती बरीच सैल झाली. पुढच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, रस्त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो दाखवणारी 'स्ट्रीट व्ह्यू' सेवा भारतात दहा शहरांपासून सुरू झाली. मुंबई, दिल्ली, बंगळूरु अशा बड्या नावांच्या पंक्तीत आपलं नगरही होतं! आपल्याला कौतुक वाटलंच. घरबसल्या कापडबाजार पाहता येतो म्हणून परदेशातले आपले नातेवाईक हरखून गेले. पण शहरातल्या बाजारात वाट चुकून कोणी मरत नाही. जीव जातो तो आडवाटेच्या पुलावर, आणि कॅमेऱ्याची गाडी तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते.

आडवाटेचे रस्ते फोनमध्ये शिळे का राहतात, याचा मी थोडा विचार केला. रस्त्यावर गर्दी किती, हे त्या यंत्राला कळतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या फोनमुळेच. पुणे-नाशिक रस्त्यावर क्षणाक्षणाला शेकडो फोन धावत असतात. तिथे झाड पडलं तरी थोड्या वेळात नकाशावर तांबडी रेघ उमटते. कोतूळच्या पुलावर रात्री दीडच्या सुमारास किती फोन असणार? एकही नाही. आता 'गर्दी नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, रस्ता मोकळा आहे. दोन, रस्ताच नाही. माणूस हा फरक ओळखतो. दिवसभर एकही गाडी त्या बाजूने आली नाही, हे पाहून टपरीवाला म्हणेल, 'काहीतरी झालंय तिकडं.' यंत्राला हा संशय येईलच असं नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता नाही. २४ नोव्हेंबर २०२४ ला उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र पूल अखंड होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला त्यात बांधकाम खात्याचे अभियंतेही होते आणि नकाशावाल्या कंपनीचा अधिकारीही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री एक गृहस्थ मुलीच्या वाढदिवसाहून परतताना अशाच तुटलेल्या पुलावरून पडून वारले. तो पूल २०१३ साली कोसळलेला होता! नऊ वर्षं. त्यांच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावला. श्रीमंत देशातही असं घडतं, हे वाचून समाधान वाटायचं कारण नाही. उलट काळजी वाटते, की एवढी साधनं असूनही तुटलेला पूल नकाशातून पुसायला नऊ वर्षं पुरत नाहीत.

दोष कोणाचा? कंपनी म्हणते, आम्ही लाखो रस्ते दाखवतो, कळवलं तर दुरुस्त करतो. खातं म्हणतं, नकाशा आमचा नाही. गावकरी म्हणतात, आम्हाला तर माहीतच होतं. तिघांचंही म्हणणं आपापल्या परीने खरं आहे आणि तिघांच्या मधल्या फटीत माणूस बुडतो. मला विचाराल तर पहिली जबाबदारी जमिनीची, मग नकाशाची. नकाशा जुना असू शकतो, तो लांब कुठेतरी तयार झालेला असतो. पण पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवा बांबू आणि एक फळी लावायला उपग्रह लागत नाही. 'पुढे पाणी. परत फिरा.' एवढे चार शब्द, अंधारात चमकणाऱ्या रंगात. आता ज्यांच्या नावाने आपला जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या कोणासाठी? परक्या वाटसरूसाठीच ना! गावच्या माणसाला गावची विहीर ठाऊक असतेच.

माझा एक भाचा मागे पुण्याहून सहकुटुंब शिंगणापूरला निघाला होता. राहुरीच्या पुढे फोनने त्याला हमरस्ता सोडायला लावून पाटाच्या कडेच्या रस्त्यावर घातलं. संध्याकाळ झालेली. थोडं पुढे गेल्यावर मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी काठी आडवी धरून गाडी थांबवली. 'कुठं निघाला पाव्हणं? म्होरं रस्ता खचलाय. पाटाला आवर्तन सुटलंय, भराव वला झालाय. मागं फिरा.' भाचा रात्री आमच्याकडे मुक्कामाला आला तेव्हा हे सांगत होता. 'मामा, फोन तेव्हाही सरळ जा, सरळ जा म्हणतच होता हो.' आवर्तन हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. पाटाला पाणी कधी सुटतं, किती दिवस असतं, हे शेतकऱ्याच्या घरात तोंडपाठ असतं. पाटबंधारे खात्याकडे त्याच्या तारखा असतात, वर्तमानपत्रात त्या छापूनही येतात. म्हणजे माहिती असते. ती नकाशापर्यंत चालत जात नाही, एवढंच.

मंडळी, मी या नकाशांच्या विरोधात नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पार मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. एवढ्या नव्या रस्त्यावर कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं, हे कोणाला विचारणार? मधे माणूसच भेटत नाही! तिथे फोनच हवा. रात्री-अपरात्री दवाखाना शोधणाऱ्याला, बदलीच्या गावी नव्याने आलेल्या मास्तरणीला, एकटीने गाडी चालवणाऱ्या मुलीला या नकाशाने जो धीर दिला आहे, तो मला दिसतो. माझी तक्रार एवढीच की तो सगळे रस्ते एकाच आवाजात सांगतो. पुणे-नाशिक महामार्गाबद्दल जितक्या खात्रीने बोलतो, तितक्याच खात्रीने पाटाच्या भरावाबद्दल. कागदी नकाशा पक्का आणि कच्चा रस्ता वेगळ्या रेघेने दाखवायचा, समासात आपलं साल सांगायचा. फोनच्या नकाशानेही आडवाटेच्या रस्त्यावर वळवताना 'या रस्त्याची शेवटची खात्री अमुक महिन्यात झाली' एवढं सांगितलं, तर काय बिघडेल? माणूस सावध होईल. खाली उतरून विचारेल. अंधार असेल तर हमरस्त्याने जाईल, अर्धा तास उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल.

तोवर आपल्या हातातलं काम आपण करावं. फोनमधल्या नकाशात रस्ता बंद असल्याचं कळवायची सोय असते. तरुण मंडळींना ती चांगली माहीत आहे. आपल्या गावचा फरशी पूल पाण्याखाली गेला की व्हॉट्सॲपवर त्याचे फोटो शंभर जणांना पाठवतो, तेवढ्याच वेळात ती नोंद करता येते. पाणी ओसरलं की रस्ता सुरू झाल्याचंही कळवावं, नाहीतर उलटी चूक व्हायची. ग्रामसभेत फलकाचा विषय मांडावा आणि ठराव वहीत लिहून घ्यावा. वहीत आला की तो आला!

लेख लांबला, मास्तरांची खोड. जाता जाता एक विनंती. तुमच्या गावाकडचे, सासर-माहेरचे आठमाही रस्ते कोणते, कोणता पूल कोणत्या महिन्यात पाण्याखाली असतो, हे मला जरूर कळवा. तारखेसकट कळवा. मी यादी करायला घेतली आहे. पहिली नोंद आमच्या मोठ्या वन्संनी परवा फोनवर सांगितली, असं आमची ही म्हणते आहे. सत्तर सालच्या आसपास बुडालेल्या कुठल्याशा वाटेची आहे, आणि तिथून नांगरलेल्या शेतातून नदीवर कसं उतरायचं हे त्यांना अजून पाठ आहे.